भजन संपवावं कसं?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, बैठकीच्या भजनाआधी केलेलं भाषण)





दिंडीला शंभर वर्षं झाली. या निमित्ताने दिंडीतल्या गाण्याविषयी दोन शब्द बोला, असं मला सांगितलं गेलं. गाण्याविषयी बोलायचं तर आख्खा सप्ताह पुरणार नाही. म्हणून मी एकच लहानशी गोष्ट निवडली आहे. भजन सुरू कसं करावं हे आपल्याकडे सगळे शिकवतात. विणा लावा, मृदंगाला कणीक लावा, नामाचा गजर करा, मग रूपाचा अभंग घ्या. लहान पोरालाही हा क्रम पाठ असतो. पण संपवावं कसं? हे बसवून कुणी शिकवत नाही. ते ऐकून, मागे चालून येतं. आणि मंडळी, जे नुसतं ऐकून येतं ते ऐकणारी पिढी बदलली की पहिलं हरवतं. म्हणून आज शेवटाबद्दल बोलतो.

आधी अभंग घ्या. गाथा उघडली की बहुतेक अभंगांत दुसऱ्या चरणापुढे ‘ध्रु’ असं अक्षर दिसतं. ते आपलं धृपद. प्रत्येक चरण म्हणून झाला की आपण धृपदावर परत येतो. बैल दिवसभर शेतात फिरला तरी संध्याकाळी दावणीला येतो, तसं. आणि शेवटच्या चरणात संतांचं नाव येतं, त्याला आपण मुद्रा म्हणतो. तुका म्हणे, नामा म्हणे, सेना म्हणे, बहिणी म्हणे. म्हणजे अभंगाचा शेवट रचनेतच ठरलेला आहे. शेवटचा चरण, त्यातली मुद्रा, आणि मग पुन्हा धृपद.

आता जरा या मुद्रांकडे नीट बघा. सही करताना माणूस आपलं एकट्याचं नाव लिहितो. संतांनी काय केलं? नाथ महाराजांनी ‘एका जनार्दनी’ असं म्हटलं. स्वतःच्या नावाला गुरूंचं नाव कायमचं जोडून टाकलं. जनाबाई स्वतःला ‘नामयाची जनी’ म्हणाली. ज्ञानोबारायांच्या कितीतरी अभंगांत तर शेवटी त्यांचं नावच सापडत नाही, तिथे रखुमादेवीचा वर, म्हणजे प्रत्यक्ष पांडुरंगच उभा असतो. गाणं संपवायची वेळ आली, आता तरी ‘मी’ म्हणायला हरकत नव्हती. पण तिथेही ही मंडळी दुसऱ्या कुणाचा तरी हात धरून उभी आहेत. आपल्या परंपरेत शेवट एकट्याने करायचा नसतो, ही पहिली शिकवण इथे आहे.

आणि म्हणून एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. हल्ली शेवटचा चरण गाळायची सवय वाढत चालली आहे. स्पर्धेत वेळ ठरलेला असतो, घंटा वाजते. कार्यक्रमात रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. मग गायक दोन चरण आळवून आळवून म्हणतो, ताना घेतो, मृदंगवाला लग्गी लावतो, टाळ्या मिळतात, आणि वेळ संपत आली की धृपदावरून थेट गजरात उडी. शेवटचा चरण राहिला तो राहिलाच.

यात काय एवढं बिघडलं, असं कुणी म्हणेल. मंडळी, चोखोबारायांचा अभंग घ्या. ज्या माणसाला देवळात पाऊल टाकू दिलं नाही, ज्याची समाधी आजही पंढरीला महाद्वारापुढे, नामदेव पायरीसमोर आहे, त्याला आपल्या अभंगाच्या शेवटच्या चरणात मात्र हक्काची जागा होती. ती जागा त्याला कुणी दिली नाही आणि कुणाला काढूनही घेता आली नाही. पंढरीचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषणाला बसावं लागलं. पण त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून फडाफडांत, दिंड्यादिंड्यांत ‘चोखा म्हणे’ हे शब्द गात होते लोक. आपण चोखोबांचे पहिले दोन चरण गोड चालीत गायचे आणि वेळ नाही म्हणून शेवटचा चरण गाळायचा, म्हणजे काय केलं? अभंग घेतला आणि माणूस पुन्हा दाराबाहेर ठेवला. वेळ कमी असेल तर ताना कमी करा. आलाप कमी करा. पाच अभंगांच्या जागी चार घ्या. पण जो घेतला तो मुद्रेपर्यंत न्या.

आता लयीकडे येऊ. चालीत अभंग सावकाश सुरू होतो, मग लय वाढते, दुगुण होते, मृदंग लग्गीवर येतो, टाळांचा कल्लोळ होतो. इथपर्यंत सगळं आपोआप होतं. अंगात आलं की लय वाढतेच. अवघड काम पुढे आहे, ती लय उतरवायची आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी थांबवायचं.

बैठकीच्या भजनात यासाठी तिहाई आहे. तिचा हिशोब साधा आहे. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा. मृदंगावर तीन मात्रांचा एक तुकडा घ्यायचा, ज्याच्या शेवटी ‘धा’ आहे. समेपासून तो तुकडा तीन वेळा वाजवायचा. पहिला ‘धा’ तिसऱ्या मात्रेवर पडतो, दुसरा सहाव्या मात्रेवर, आणि तिसरा नवव्या मात्रेवर. आवर्तन आठांचं आहे, म्हणजे नववी मात्रा ही पुढची समच झाली. तीनदा सांगितलं आणि समेवर येऊन थांबलं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चाहूल लागते, दुसऱ्यांदा खात्री होते, तिसऱ्यांदा तोही मान डोलवून समेवर पोचलेला असतो. लिलाव करणारासुद्धा ‘एकवार, दोनवार, तीनवार’ म्हणतो ना? का? कुणी मागे राहू नये, कुणाला नंतर म्हणता येऊ नये की मला कळलंच नाही. तिहाई तशीच आहे. सगळ्यांना आधी सांगून मग थांबायचं.

पण ही झाली बैठक. चालत्या दिंडीचं गणित निराळं आहे. पुढे झेंडेकरी, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, मागे विणेकरी, त्यांच्या मागे तुळशीवाल्या, हंडेवाल्या आणि इतर माउल्या. मोठी दिंडी रस्त्यावर सहज शंभर मीटर लांब होते. आवाजाला हे अंतर कापायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वेळाने काय होतंय! तर दुगुणीत, जोरात भजन चाललेलं असताना एका सेकंदात तीन मात्रा सहज होतात. म्हणजे शेवटच्या रांगेतल्या बाईला पुढचा टाळ एक आख्खी मात्रा उशिरा ऐकू येतो. पुढच्यांनी झपकन थांबवलं तर मागच्यांचं तोंड उघडंच राहतं. त्यात दोष त्यांचा नसतो, अंतराचा असतो.

म्हणून जुन्या मंडळींनी चालत्या भजनाचा शेवट कानावर सोपवला नाही, तो डोळ्यांवर सोपवला. विणेकरी नुसता हात वर करतो. मृदंगवाला पुडीवरचा तळवा उचलून दाखवतो. टाळकरी टाळ छातीच्या उंचीवरून कपाळापर्यंत नेतात. रांगेमागून रांगेला ते दिसत जातं. मग लय आधी सैल करतात, धृपद दोनदा सावकाश म्हणतात, आणि तेव्हा कुठे टाळ खाली येतो. आमच्या बुवांची एक रीत होती. समारोपाचं धृपद सुरू झालं की ते चालता चालता एकदा मान मागे वळवायचे. शेवटची रांग गाताना दिसली तरच हात वर. नाही दिसली तर आणखी एक आवर्तन. कुणीतरी त्यांना विचारलं, बुवा, पुढे तर छान जमलं होतं, उगाच का लांबवलं? तर म्हणाले, ‘पुढचं जमलं ते गाणं झालं. मागचं जमलं की भजन होतं.’

आता कुणी म्हणेल, मागे भोंगा लावला की प्रश्न मिटला. ऐकू यायची अडचण मिटेल, खरं आहे. पण मान वळवायची सवयही त्याबरोबर मिटेल, त्याचं काय? माईक हातात असलेल्या माणसाला सगळं जग आपल्याबरोबर गातंय असं वाटतं. मागे कोण थकलंय, कुणाचा पाय दुखतोय, कोण गप्प झालंय, हे त्याला कळायचं कारणच उरत नाही.

शास्त्रीय गाण्यातही शेवटाची एक रीत आहे, ती तुम्हाला ठाऊकच आहे. मैफल भैरवीने संपते. भैरवी खरं तर सकाळची रागिणी. रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल. पण मैफल संध्याकाळी संपो की मध्यरात्री, शेवटी भैरवी चालते. पंडित भीमसेन जोशींनी संतवाणी घरोघर पोचवली, आणि त्यांनीच आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पुण्यात 1953 पासून उत्सव सुरू केला. त्या उत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्याच जुन्या ध्वनिमुद्रणाने करायची रीत आहे. काही दिवस मोठमोठे गायक गाऊन जातात, आणि अखेरचा स्वर मात्र गुरूंचा, जो आता हयात नाही त्याचा. मला हे आपल्या मुद्रेसारखंच वाटतं. तिथेही शेवटाला दुसऱ्या कुणाचा तरी हात धरलेला आहे.

आपल्या बैठकीतही भैरवीतला अभंग होतो, कीर्तनाच्या शेवटी ठिकठिकाणी तुकोबारायांचा देवाकडे दान मागणारा अभंग होतो, मग आरती होते. आणि अनेक ठिकाणी पसायदान होतं. पसायदानाबद्दल थोडं सांगतो, कारण रोज म्हणूनही एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. अठराव्या अध्यायातल्या त्या नऊ ओव्या. आपण म्हणतो, ज्ञानोबारायांनी शेवटी विश्वासाठी मागणं मागितलं. बरोबर. पण नववी ओवी नीट म्हणून बघा. तिच्यात मागणं नाही, उत्तर आहे. गुरू म्हणतात, हे दान मिळेल. आणि त्या शब्दाने ज्ञानदेव सुखी होतात. म्हणजे पसायदान मागण्यावर संपत नाही, समोरच्याचा शब्द मिळाल्यावर संपतं.

आणखी एक. ज्ञानेश्वरी पसायदानावर संपते असं पुष्कळांना वाटतं, पण पोथीत त्यानंतरही थोड्या ओव्या आहेत. ही टीका कुठल्या काठी झाली, तेव्हा राज्य कुणाचं होतं, शके 1212 मध्ये ती पूर्ण झाली, आणि लिहून कुणी घेतली, हे तिथे सांगितलं आहे. लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. एवढा थोर ग्रंथ, आणि त्याच्या अगदी अखेरीला नाव आहे ते बाजूला बसून ओव्या लिहून घेणाऱ्या माणसाचं. हरिपाठाच्या 28 अभंगांतला शेवटचा अभंगही असाच, एकूण अभंग किती ते मोजून सांगतो आणि पाठ करणाऱ्याच्या पदरात फळ टाकतो. हिशोब पुरा करायचा, कुणाचं देणं ठेवायचं नाही, मग पोथी बांधायची.

सप्ताहाचंही तेच. सात दिवस विणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पहारा बदलतो, रात्री दोनला डुलक्या घेत का होईना पण नाम चालू असतं. मग तो सप्ताह संपवायचा कसा? नुसती विणा खुंटीला टांगून नाही. काल्याचं कीर्तन होतं. गोपाळांनी आपापली शिदोरी सोडली, श्रीकृष्णाने ती एकत्र कालवली आणि सगळ्यांनी वाटून खाल्ली, ती कथा. हंडी फुटते, लाह्या-दह्याचा काला हातावर येतो, आणि मगच सप्ताह उठतो. आषाढीला पालख्यासुद्धा पौर्णिमेपर्यंत पंढरीत राहतात, गोपाळपूरला काला करतात, तेव्हा कुठे परतीची वाट धरतात. एकादशीला दर्शन झालं, काम झालं, निघा, असं होत नाही. काला हातावर पडल्याशिवाय वारी पुरी झाली असं आपण मानत नाही.

आता या सगळ्याचं मूळ मला जिथे दिसतं तिथे येतो. माउलींच्या सोहळ्यात चालणाऱ्यांनी हे दरवर्षी पाहिलेलं आहे. दिवसभराची चाल झाली, पालखी तळावर आली. रथापुढच्या 27 आणि मागच्या सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहिल्या. हजारो टाळ, शेकडो मृदंग, असा गजर की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मध्यभागी पालखी. आणि चोपदार दंड वर करतात.

एका क्षणात सगळं शांत.

तिथे तिहाई नसते, भैरवी नसते. कुणी लय उतरवत नाही. तरी हजारो माणसांचा गजर एका हातावर थांबतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण खरी गोष्ट त्याच्यापुढे आहे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, कुणाची जागा गेली, पाण्याचा टँकर आला नाही, कुणाशी बाचाबाची झाली, ती दिंडी थांबत नाही. ती टाळ वाजवतच राहते. एवढ्या शांततेत तो एकटा टाळ काय ऐकू येतो! मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात. समाधान झालं की तो टाळही थांबतो. नंतर हरवल्या-सापडल्याचं पुकारतात, उद्या पालखी किती वाजता निघणार ते सांगतात. आणि मग आरती.

विचार करा मंडळी. ज्याचं काही राहिलं आहे, त्याला आपल्या पूर्वजांनी बोलायला लावलं नाही, अर्ज लिहायला लावला नाही. त्याच्या हातात टाळ ठेवला आणि सांगितलं, तुझं समाधान होईपर्यंत वाजवत राहा, तोवर आम्ही आरती करणार नाही. एकाचा टाळ वाजत असेल तर बाकी सगळ्यांचं संपलेलं नाही. मी पुष्कळ गाणं ऐकलं, पण गाणं संपवायची याहून न्यायाची रीत मला कुठे आढळली नाही.

आता आपल्या दिंडीपुरतं बोलतो. शंभर वर्षांत या दिंडीने किती अभंग म्हटले याची मोजदाद कुणी केली नाही. ज्यांनी ही दिंडी काढली त्यांच्यापैकी आज कुणी नाही. त्यांच्या हातची विणा मात्र आपल्या विणेकऱ्यांच्या गळ्यात आहे, कारण प्रत्येकाने ती खाली ठेवण्याआधी पुढच्याचा गळा शोधला. आज आपल्याकडे जुनी चाल जाणणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. पोरं हुशार आहेत, गळे चांगले आहेत, मृदंगाचा हात तर आमच्या वेळेपेक्षा तयार आहे. पण ती मोबाईलवर ऐकून शिकतात, आणि मोबाईलवरचं भजन बहुधा लग्गी रंगात आली की कापलेलं असतं. शेवट त्यांनी ऐकलेलाच नसतो. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, आपण शिकवलं पाहिजे.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने चार गोष्टी ठरवू या. पहिली, आपल्या दिंडीत कुठलाही अभंग मुद्रेशिवाय सुटणार नाही. वेळ असो नसो. दुसरी, चालत्या भजनात हात वर करण्याआधी विणेकरी मागे बघतील, आणि शेवटच्या रांगेतल्या माउल्यांनीही आपण गातोय की नाही हे हात वर करून दाखवावं, त्यात संकोच नको. तिसरी, टाळ थांबल्यावर लगेच चहाची हाळी देऊ नका. चार श्वास घेण्याइतकं थांबा. जे गायलं ते आत उतरायला तेवढी सवड द्या. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. संध्याकाळच्या मुक्कामावर, आरतीआधी, आपल्या राहुटीतही क्षणभर थांबून विचारायचं, कुणाचं काही राहिलंय का? कुणाला ताप आहे, कुणाशी कुणाचं वाजलंय, कुणाच्या पानात कमी पडलं? असेल तर त्याने टाळ वाजवावा. आणि बाकीच्यांनी, कितीही भूक लागलेली असली तरी, तो टाळ थांबेपर्यंत ताटावर बसू नये.

एवढं आपण सांभाळलं तर पुढची शंभर वर्षं कशी जातील याची चिंता करायचं कारण नाही.

माझं बोलणं पुरे झालं. आता बैठकीचं भजन आहे. मृदंग लागलाय, विणा तयार आहे. मागे भिंतीला टेकून बसलेल्या माउल्यांनी जरा पुढे सरकून बसावं, म्हणजे शेवटाला विणेकऱ्यांना सगळे दिसतील.

राम कृष्ण हरी.